पाठमोऱ्या बोटीचा फोटो

मिंदेलो,
१४ नोव्हेंबर २०११

पाद्रिन,

हात पुढे केलाय. बाप्तिस्म्याला मला हातांवर धरलंत, तेव्हा आधी आशीर्वाद द्या, मग पुढचं वाचा. वाचल्यावर द्याल की नाही, सांगता येत नाही.

कॅमेरा ठीक आहे. मी ठीक नाही. कॅमेऱ्याचं आधी सांगतो, तुम्हाला त्याचीच काळजी जास्त.

सीझन सुरू झालाय. मरीनात सत्तरेक यॉट लागल्यात आणि आत जागा नाही म्हणून वीसेक बाहेर नांगर टाकून ताटकळल्यात. एका नॉर्वेच्या म्हाताऱ्याच्या बोटीवर त्याच्याशिवाय फक्त एक मांजर आहे. "क्रूचा फोटो," असं मी म्हटलं, तर तो मांजराला विंचरायला आत गेला. सगळे वारा धरायची वाट बघतायत. अटलांटिक ओलांडायच्या आधी सगळ्यांना फोटो हवा असतो. का हवा असतो, ते कुणी बोलत नाही, पण केस मात्र सगळे नीट बसवतात.

त्यांना देतो ते फोटो रंगीत. बोर्डासाठी मात्र तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावरच, काळा-पांढरा, एका बोटीला एक फ्रेम. तरंगत्या बारमधला तुमचा बोर्ड आहे तसाच आहे. डावीकडे 'गेले', उजवीकडे 'पोहोचले'. पलीकडून फोन आला की बारवाला घंटा वाजवतो आणि मी फोटो डावीकडून काढून उजवीकडे लावतो. या आठवड्यात चार हलवले. प्रत्येक वेळी अख्खा बार टाळ्या वाजवतो, जणू मीच त्यांना पोहत नेऊन सोडलंय.

आता झुलैका. मरीनाच्या फाटकाशी मक्याचा कुशकुश आणि कॉफी विकणाऱ्या न्या बियाची झुलैका. शिडांच्या वर्कशॉपात मशीनवर बसते ती. तुम्ही विसरला नसालच, पण मला तिचं नाव लिहायचं होतं.

ती चाललीय, पाद्रिन. मादाम सोलेनच्या 'ग्वेनेल' बोटीवरून. मादाम सोलेनला वाटेत शिडं दुरुस्त करायला माणूस हवंय, पलीकडे मार्तिनीक बेटापर्यंत, आणि तिकडे हंगामभर काम आहे म्हणे. मी वर्कशॉपात गेलो. म्हटलं, "मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं."

तिनं सुई दातात धरली होती. तशीच म्हणाली, "माझ्या नावावर पावती फाडू नकोस. तू प्रोफेसरच्या टेबलावर ड्रॉइंग भिरकावलंस आणि तरातरा निघून आलास, म्हणून सुटलं तुझं कॉलेज."

"तो माझा अपमान करत होता!"

"वाव्हा, तू दर दोन महिन्यांनी काहीतरी भिरकावतोस. मला आयुष्यभर ते उचलत बसायचं नाही."

आणि पुन्हा मशीन सुरू. बाकीच्या बायका खाली माना घालून हसत होत्या.

'ग्वेनेल'वर मादामचा भाचा आहे, गाएल नावाचा. त्याला शर्ट घालायला कुणी शिकवलेलं नाही. तेवढं सांगितलं की पुरे.

ती तुमचं ऐकते. दोन ओळी लिहा तिला. इथंच राहा म्हणावं. तुम्ही म्हणालात तर ती राहील. ती गेली तर मी काय करीन, मला माहीत नाही.

गावात सगळ्यांना माझी मांतेन्या सांगा, मी आठवण काढली म्हणावं.

तुमचा
वाव्हा

---

पाउल, सांतो आंताव,
१९ नोव्हेंबर

वाव्हा,

आशीर्वाद दिला. देव तुला थोडी अक्कल देवो आणि केस आहेत तेवढे राहू देवो.

पत्र तुमच्या बेटाहून फेरीबोटीनं येऊन ट्रकमधून तिसऱ्या दिवशी हातात पडलं. इथं बरं चाललंय. ऊस उभा आहे, सुरण काढलाय. बहिणीला ओरडून बोलायची सवय लागलीय; मला काही ऐकू येत नाही, पण शेजाऱ्यांना आमच्या घरातलं सगळं कळतं. मी आता ओठ वाचायला शिकलोय. त्यामुळे चर्चमध्ये प्रवचनाला फादरकडे बघतच नाही, मागच्या बाकांवरच्या बायकांकडे बघतो. फार माहिती मिळते.

कामाचं बोलू. क्रूला ओळीत उभं करू नकोस. लग्नातली माणसं दिसतात. ज्याचं जे काम, त्या दोराला त्याला हात लावायला सांग. सुकाणूवाला सुकाणूशी, स्वयंपाकी पातेल्याशी. हातांना काम मिळालं की चेहरे आपोआप खरे होतात.

दुसरं, हे तुला दहादा सांगितलंय, तरी अकराव्यांदा: बटन दाबतोस त्या क्षणी कॅमेऱ्यातला आरसा वर जातो आणि तुला अंधार दिसतो. म्हणजे जो क्षण तू काढतोस, नेमका तोच तुला दिसत नाही. आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. म्हणून काय काढलंय ते रोल धुतल्याशिवाय बोलू नये.

तिसरं, बोर्डाचा नियम. नाव आणि गाव बोटीच्या पाठीवर रंगवलेलं असतं, म्हणून लोक मागून काढ म्हणतात. येताना काढ, खुशाल. निघताना नाही. होडी घेऊन पुढे जायचं, बंदराच्या तोंडाशी असलेल्या छोट्या बेटाजवळ थांबायचं, बोटीचं पुढचं टोक आणि चेहरे समोरून घ्यायचे. निघालेल्या माणसाची पाठ कधीच काढायची नाही. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या सांगायच्या, पाठ काढली की माणूस परत येत नाही. खरं-खोटं मला माहीत नाही. पण चाळीस वर्षं पाळलंय, तू मोडू नकोस.

झुलैकाला मी काय लिहिणार? मला ऐकू येत नाही, आणि प्रेमात पडलेल्यालाही येत नाही. अशा दोघांनी एकमेकांना सल्ले द्यायचे म्हणजे नुसता कागद वाया. तू तिच्याशी भांडू नकोस एवढंच. आणि गाएलच्या शर्टाची काळजी त्याच्या आईवर सोड.

कॉलेजात परत जायचं बघ. दरवेळी लिहीन, दरवेळी चीड.

तेओफिलो

---

मिंदेलो,
१ डिसेंबर

न्यो तेओफिलो,

आज हात पुढे केलेला नाही.

'ग्वेनेल' काल सकाळी गेली. क्रू पाच जण. मादाम सोलेन, तिचा तो भाचा, बेल्जियमचं एक जोडपं, आणि झुलैका.

परवा मादाम क्रूचा फोटो काढ म्हणाली. मी म्हटलं, कॅमेरा बिघडलाय. ती हसली. म्हणाली, "अरे, पण तुझ्या पाद्रिननीच तर लिहिलं होतं, वाव्हा चांगला फोटो काढेल म्हणून."

"कधी लिहिलं होतं?"

"ऑक्टोबरात. त्या पत्रामुळेच तर मी या मुलीला घेतलं. 'आमच्या बंदरातले सगळ्यात चांगले हात आहेत, घेऊन जा,' असं होतं त्यात."

ऑक्टोबरात! मी तुम्हाला पत्र लिहायच्या महिनाभर आधी. आणि मला लिहिता, झुलैकाला काय लिहिणार, कागद वाया. माझं दुःख वाचून तुम्ही तिकडे सुरण खात हसत बसला असाल. मागच्या बाकांवरच्या बायकांनाही सांगितलं असेल.

काल मी होडी काढली नाही. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. 'ग्वेनेल' समोरून गेली. गाएल डोलकाठीपाशी, बाकीचे दोरांशी, सगळे पुढे बघत. तिची पिवळ्या जॅकेटातली पाठ दिसली. एकदाही वळली नाही. मग मी तुमच्या कॅमेऱ्यानं, तुमच्या रोलवर, तुमचा नियम मोडला. मागून काढला. एकच फ्रेम, नावासकट, गावासकट, पाठींसकट. डोळ्यांत बंदरावरची धूळ गेली होती, नीट दिसतही नव्हतं. बटन दाबलं आणि वळून चालू लागलो.

रोल बिस्किटांच्या डब्यात टाकलाय. धुणार नाही. बोर्डावर लावणार नाही. तुमचा कॅमेरा हवा तर कुणाला तरी न्यायला पाठवा.

वाल्दिर

---

पाउल,
७ डिसेंबर

वाव्हा,

परक्यासारखं 'न्यो' म्हणालास, पूर्ण नावानं सही केलीस, आशीर्वाद मागितला नाहीस, तरी दिला.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी मादामला पत्र लिहिलं. झुलैका सप्टेंबरात फेरीनं इथवर आली होती मला विचारायला. तासभर बसली. मी म्हटलं, तुला जायचंय का? म्हणाली, जायचंय, पण परत यायचंय. मग मी लिहिलं. तिनंच सांगितलं होतं, वाव्हाला मी स्वतः सांगेन, तोवर तुम्ही बोलू नका. तिनं सांगितल्यावर तरी मी तुला कळवायला हवं होतं. तुझ्या रागाला भ्यालो. कान गेल्यापासून आरडाओरडा कागदावर वाचावा लागतो, तो जास्त लागतो.

कॅमेरा न्यायला कुणी येणार नाही.

एकच मागतो. 'ग्वेनेल' बोर्डावर लाव. माझ्यासाठी नको, न्या बियासाठी. तिला लिहिता-वाचता येत नाही, तिला मुलगी बघायची तर बोर्डावरच बघावी लागेल.

तेओफिलो

---

पाउल,
१८ डिसेंबर

वाव्हा,

फेरीचा ट्रकवाला आज तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं आला. मला बघून लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणाला, ओठ वाचायची गरज पडली नाही.

'ग्वेनेल' एव्हाना पोहोचली असेल. एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

ते.

---

मिंदेलो,
२७ डिसेंबर

पाद्रिन,

पोहोचलेली नाही.

सतरा-अठरा दिवसांत पोहोचायला हवी होती. आज सत्ताविसावा. तिच्यानंतर पाच दिवसांनी निघालेला तो मांजरवाला म्हातारासुद्धा पोहोचला. काल घंटा वाजली, मी धावत गेलो, तर मांजर सुखरूप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या मांजराचा गळा दाबावासा वाटला.

रेडिओवर 'ग्वेनेल'चा आवाज नऊ तारखेनंतर कुणी ऐकलेला नाही. उपग्रहाचा फोन मादाम ठेवत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. बंदर ऑफिसातला माणूस म्हणतो, पलीकडे कळवलंय, वाट बघा. तो वाट बघा म्हणतो आणि पेन्सिलीला टोक करतो. मी त्याच्यावर ओरडलो नाही. बघा, किती सुधारलोय.

न्या बिया रोज येते. सकाळचा कुशकुश संपला की टोपली फाटकाशी ठेवते आणि बारमध्ये बोर्डापुढे येऊन उभी राहते. डावीकडच्या रांगेतला एकेक फोटो बघते, एकेक चेहरा, बोट लावून. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "वाव्हा, माझी कुठेय?"

मी म्हटलं, "तो रोल खराब झाला, न्या बिया."

तिनं बोर्डावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "मग मी कुठे बघू रे?"

 दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पुन्हा सगळे चेहरे बघून गेली. वाटत असेल, चुकून दुसऱ्या कुठल्या तरी फोटोत असेल. निघताना माझ्या हातात गरम कुशकुश ठेवते, पानात गुंडाळून. म्हणते, "वाळलास." मी तो तसाच खिशात ठेवतो.

रोल डब्यातच आहे. मी तो तीनदा हातात घेतला. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. पाच पाठी आहेत. मुलीची पाठ आईला कशी दाखवू? आणि दाखवली, आणि उद्या बातमी आली, तर? तुम्ही सांगितलं होतं, पाठ काढू नकोस. मी मुद्दाम काढली. ती परत येऊ नये म्हणून नाही हो, देवाची शपथ. मला फक्त वाटलं होतं, तिनं वळून बघावं.

मी काय करून बसलोय ते सांगा. हात पुढे केलाय. आशीर्वाद नाही दिलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

वाव्हा

---

पाउल,
२९ डिसेंबर

माझ्या पोरा,

ट्रकवाल्याला थांबवून ठेवलंय, तो दाराशी हॉर्न वाजवत असणार. वाजवू दे, मला कुठे ऐकू येतंय. हे पत्र आजच्या फेरीवर चढलं पाहिजे.

सोबत एक पाकीट आहे. उघड. फोटो माझा आहे, १९७४ सालचा. जहाजाचा जिना, आणि जिन्यावर एका बाईची पाठ, डोक्याला रुमाल, हातात दोरीनं बांधलेली बॅग. ती एर्नेस्तिना. आमचं लग्न ठरलं होतं. तिला इटलीत घरकामाची नोकरी लागली, दोन वर्षांसाठी. मी म्हटलं, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. मी भांडलो, तुझ्यासारखाच, फक्त माझ्याकडे भिरकावायला ड्रॉइंग नव्हतं. निरोप द्यायला गेलो नाही. धक्क्यावर मालाच्या खोक्यांमागे उभा राहिलो आणि मागून फोटो काढला. लोकांना दाखवायला, की बघा, कशी गेली.

ती परत आली नाही.

म्हाताऱ्या-बिताऱ्या काही सांगायच्या नाहीत, वाव्हा. तो नियम माझाच आहे. मीच बनवला आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी घातला, कारण माझ्या नावावर सांगायची लाज वाटत होती. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की फोटोनं घात केला. खरं सांगू? तिनं पहिल्या वर्षात तीन पत्रं पाठवली. मी एकालाही उत्तर दिलं नाही. माणूस फोटोमुळे यायचं थांबत नाही. उत्तर येत नाही म्हणून थांबतो.

म्हणून मी झुलैकाला जाऊ दिलं, आणि म्हणूनच तुझ्यापासून लपवलं. दोन्हींत चूक केली की एकातच, ते तू ठरव.

आता कामाचं. रोल धू. डेव्हलपर ताजा बनव, जुन्या बाटलीतला वापरू नकोस. पाणी वीस अंशांवर. घाई करू नकोस, तुला घाईच असते. फिक्सरमध्ये पूर्ण वेळ ठेव. जे निघेल ते मोठं करून बोर्डावर लाव, पाठ असली तरी. आईला पोरीची पाठसुद्धा ओळखता येते. वेणी तिनंच घातलेली असते.

आणि झुलैकाला पत्र लिही. पोहोचो न पोहोचो, लिही.

आशीर्वाद आहे. पहिल्यापासून होता.

तेओफिलो

---

मिंदेलो,
१ जानेवारी २०१२

पाद्रिन,

हात पुढे केलाय. दोन्ही.

काल दुपारी रोल धुतला. ताजा डेव्हलपर, वीस अंश, घड्याळ लावून. रोल चकतीवर नीट बसायला चार खेपा लागल्या. अंधारात मी सांता बार्बराला नवस बोललो, आणि तिनं तरी मला, नियम मोडणाऱ्या पाप्याला, ओळखलं नसेल अशी आशा केली.

सुकल्यावर पट्टी खिडकीशी धरली. उलटी छोटीशी बोट. पाठी, पाठी, पाठी. आणि मागच्या कठड्याशी एक काळा ठिपका, जिथे बाकीच्यांना पांढरे होते. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा दिसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाद्रिन, ती वळलेली आहे.

एन्लार्जर पार छतापर्यंत चढवला. कागदावर हळूहळू आली. आधी जॅकेट, मग बोटीचं नाव, मग हातातला दोर, मग तोंड. चौघं पुढे बघतायत आणि ती एकटी मागे, सरळ लेन्समध्ये, म्हणजे माझ्याकडे. तुम्ही म्हणता तसा तो आरसा वर गेला, मला अंधार दिसला, आणि नेमकं तेवढ्यात ती वळली. मग मी पाठ फिरवून निघून गेलो. म्हणजे पाठ दाखवली ती मी.

मी किती वेळ तिथे बसलो माहीत नाही. फिक्सरमध्ये पूर्ण वेळ ठेवला, तेवढं नक्की.

आज सकाळी फोटो घेऊन गेलो. न्या बिया बोर्डापुढे होतीच. मी आधी सांगितलं, "रोल खराब झाला नव्हता. मी खोटं बोललो. मी रागात होतो." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोटो घेतला, एप्रनला हात पुसून बोट तिच्या चेहऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "टोपी घातली नाहीये कार्टीनं." मग माझ्या डोक्यात एक चापट मारली. जोरात. मग तिथेच धरून ठेवलं माझं डोकं, दोन्ही हातांनी.

फोटो तिनंच लावला. डावीकडे, सगळ्यांत वर. अजून काही बातमी नाही. आज बत्तिसावा दिवस. पण आता ती बोर्डावर तरी आहे.

एक प्रिंट तुम्हाला पाठवतोय. तिचं तोंड उघडं आहे, काहीतरी बोलतेय. तुम्ही ओठ वाचता. काय म्हणतेय, सांगा.

तिला पत्र लिहिलं. सहा पानं लिहिली, पाच फाडली. उरलेलं उद्या मार्तिनीकला निघणाऱ्या एका पोर्तुगीज बोटीवर देतोय.

वाव्हा

---

पाउल,
४ जानेवारी

वाव्हा,

वाचलं. भिंग लावून वाचलं, बहिणीलाही दाखवलं, ती इतकी हसली की मला जवळजवळ ऐकू आलं.

पण मी सांगणार नाही. ती स्वतः सांगेल. पोहोचली म्हणून कळलंय, कालच ट्रकवाला दोन्ही हात वर करून नाचत आला.

फोटो चांगला आहे. क्षितिज थोडं तिरकं आहे.

तेओफिलो

---

ल मारँ, मार्तिनीक,
५ जानेवारी

वाव्हा,

दोन तारखेला फोनवर आई नुसती रडत होती, म्हणून तुला द्यायला सांगितलं, तर कार्ड संपलं. म्हणून हे पत्र. वेळ आहे, हाताला पट्टी आहे, डाव्या हातानं लिहितेय, हसू नकोस.

नवव्या दिवशी पाण्यात अर्धवट बुडालेलं काहीतरी आदळलं. कंटेनर असेल, ओंडका असेल. सुकाणू मोडलं. पाणी आत आलं आणि रेडिओ भिजून मेला. पुढचे चोवीस दिवस आम्ही केबिनची एक फळी वल्ह्याला बांधून आणि दोन शिडं इकडे-तिकडे ताणून बोट चालवली. शिडं रोज फाटायची, मी रोज शिवायची. अंगठ्यातून सुई आरपार गेली. मादाम म्हणाली, तुझ्या हातांबद्दल त्या म्हाताऱ्यानं कमीच लिहिलं होतं. मी घाबरले होते. आईला हे सांगू नकोस, तुला सांगतेय.

गाएल पहिल्या दिवसापासून ओकत होता. शर्ट घातला त्यानं, थंडी वाजायला लागल्यावर. तुझ्या माहितीसाठी.

आता ऐक. निघताना मी पुढे बघत होते, कारण तू पुढे असतोस, होडीत, बेटाजवळ. मी केसही बांधले होते. बेट दिसलं, तिथे होडी नाही. तेव्हाच ओळखलं. म्हटलं, हा राग धरून धक्क्यावर उभा असणार आणि मागून काढणार, आणि मग जन्मभर स्वतःला खात बसणार. तुझ्या पाद्रिनचा तो नियम मला माहीत होता. त्यांनीच मला सांगितला होता, आणि कुणाचा आहे तेही.

म्हणून वळले. मादाम ओरडत होती, "झुलैका, दोर सोड!" मी म्हटलं, "थांबा जरा, एक मूर्ख माझा फोटो काढतोय!"

आला असेल तर पाठव. पण आधी आईला दाखव.

इथलं काम मेपर्यंत आहे. मग येईन. वाट बघ असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण पत्राला उत्तर दे, आणि या वेळी काहीही भिरकावू नकोस.

झुलैका

---

मिंदेलो,
२३ जानेवारी

पाद्रिन,

हात पुढे केलाय, पण आज घाईत. कार्निव्हलचे ढोल सुरू झालेत, बारमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाहीये. तुम्ही इथे असता तर सगळ्यांच्या बरोबरीचे झाला असता.

तिचं पत्र आलं. 'मूर्ख' तुम्ही वाचला होता, आणि भिंग लावून वाचला होता. तुमची बहीण हसली त्याचं मला काही वाटत नाही. फेरीनं इथं आलेला ट्रकवालासुद्धा काल मला बघून हसला, ते मात्र तुम्ही मुद्दाम केलंत.

दोन तारखेला घंटा वाजली तेव्हा फोटो हलवायला मी उठलोच नाही. न्या बिया उठली. डावीकडच्या चारही टाचण्या एकेक करून काढल्या, त्या तोंडात धरल्या, आणि उजवीकडे नेऊन लावल्या. मग टाळ्या वाजल्या, पण ती मागे वळली नाही. बोर्डाकडेच तोंड करून बराच वेळ उभी होती. मी कॅमेरा उचलला नाही. सवयीनं हात गेला होता, पण उचलला नाही.

तिला उत्तर पाठवलं. या वेळी चार पानं लिहिली, एकही फाडलं नाही. कॉलेजचं मात्र आत्ताच विचारू नका. चौकशी करून आलोय, एवढंच लिहितो. टेबलावर काहीही फेकलं नाही.

तुमचं पाकीट माझ्याकडेच आहे. एर्नेस्तिनाचा फोटो बोर्डावर लावायचा की नाही, ते मी ठरवणार नाही. फोटोच्या मागे इटलीतला पत्ता लिहिलेला आहे, शाई फिकट झालीय पण वाचता येते. सदतीस वर्षांत लोक घरं बदलतात. तरी पत्ता तो पत्ता.

शनिवारच्या फेरीनं या. बोलायची गरज पडणार नाही, ढोल आहेत. न्या बिया तुमच्यासाठी कुशकुश बाजूला ठेवणार आहे आणि तुमच्याही डोक्यात एक चापट, ती तिनं आधीच कबूल केलीय.

फेरी धक्क्याला लागेल तेव्हा मी जिन्याच्या समोर, रोल भरून उभा असेन. तुम्ही उतरताना फोटो काढीन. चालताना खाली बघू नका, समोर बघा.

तुमचा
वाव्हा